‘घरची पार्श्वभूमी पाहून माणूस निवडा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

लातूरला राहणारी माझी भाची यंदा बी.एस्सी. झाली आणि पुण्यात नोकरीसाठी अर्ज करू लागली आहे. तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश पाठवला आणि त्याखाली विचारले, ‘‘मामा, बाबा मार्केट यार्डात हमाली करतात हे सांगू, की नुसते ‘व्यवसाय’ म्हणू?’’ एचआरमध्ये, म्हणजे भरती आणि कर्मचाऱ्यांचे काम पाहणाऱ्या विभागात, २५ वर्षे काढल्याचे सांगणाऱ्या कुणाचा तरी हा संदेश नातेवाइकांच्या गटांत सध्या फिरतो आहे. त्याचे सांगणे थोडक्यात असे : अनुभवी माणूस पहिल्या पाच मिनिटांत उमेदवार ओळखतो, घरची पार्श्वभूमी जरूर विचारावी, कारण त्यातून संस्कार कळतात, हस्ताक्षर पाहावे, मागच्या पगाराची स्लिप घेतल्याशिवाय आकडा बोलू नये, आणि ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा बाँड लिहून घेऊन मूळ प्रमाणपत्रे ताब्यात ठेवावीत. चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षे भरतीचे काम केले आहे. तिथे जे पाहिले, त्यानंतर हा संदेश मुकाट्याने पुढे जाऊ देणे मला शक्य नाही.

पाच मिनिटांत माणूस ओळखता येतो, हा समज जुना आहे आणि तो तपासलाही गेला आहे. मिनेसोटा विद्यापीठातील पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’ या नियतकालिकात, निवडपद्धतींवर अनेक दशके झालेल्या संशोधनाचा फेरहिशेब मांडला. निवडीच्या वेळी दिलेले गुण आणि प्रत्यक्ष नोकरीतील कामगिरी यांचा मेळ किती बसतो, हे त्यात पाहिले आहे. अजिबात मेळ नसेल तर ०, पूर्ण असेल तर १. सुचतील तसे प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा आकडा ०.१९ निघाला, तर सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण दिलेल्या मुलाखतीचा ०.४२. उमेदवाराच्या अनुभवाची नुसती वर्षे मोजली तर आकडा ०.०७ वर येतो. मुलाखत घेणाऱ्याने आधी प्रश्न ठरवण्याचे कष्ट घेतले तर निवड अधिक अचूक होते, एवढे यातून कळते.

खरे तर कारखान्यांना हे ठाऊक आहे. वेल्डर घ्यायचा असेल तर त्याला कोणी ‘स्वतःविषयी काही सांगा’ म्हणत नाही, प्लेट देऊन वेल्डिंग करून दाखवायला सांगतात. आमच्याकडे क्वालिटी विभागासाठी एक मुलगा आला होता. तो खाली मान घालून, अडखळत बोलत होता आणि पाच मिनिटांच्या हिशेबाने तो तेव्हाच बाद झाला असता. त्याच्या हाती मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे उपकरण, आणि एक पिन दिली, तेव्हा त्याने पिन बाजूला ठेवली, मायक्रोमीटरची तोंडे कापडाने पुसली, ती मिटवून शून्य जुळते का ते पाहिले आणि मगच माप घेतले. त्याच दिवशी फाडफाड बोलून गेलेल्या दोघांपैकी कोणीही शून्य तपासले नव्हते. कामगाराच्या भरतीत जी चाचणी आपण सहज घेतो, ती इंजिनिअर आणि मॅनेजर निवडताना मात्र आपण विसरतो.

संदेशातला सर्वांत घातक मुद्दा घरच्या पार्श्वभूमीचा आहे. महाराष्ट्रात आडनाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय एवढे कळले की बहुतेकांना जातीचा अंदाज येतो. त्यामुळे संस्कारांच्या नावाने विचारलेला हा प्रश्न जातीवर जाऊन पोहोचतो, विचारणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून हे पडताळले आणि २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष मांडले. सारखीच पात्रता असताना, सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. इथे तर अजून मुलाखतही झालेली नव्हती. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर व्यवस्थापकांशी बोलून लिहिले की, ही मंडळी गुणवत्तेचा आग्रह धरतात आणि त्याच वेळी घरच्या पार्श्वभूमीलाही महत्त्व देतात. संदेशातला सल्ला नेमका हाच आहे. पहाटेपासून पाठीवर पोती वाहून मुलीला पदवीपर्यंत शिकवणाऱ्या बापाचे काम तिने लपवावे, असे तिला वाटायला लावणारा सल्ला मला संतापजनक वाटतो. मी तिला स्पष्ट कळवले आहे की, कोणी विचारलेच तर हमाली म्हणून सांग. आणि त्यावरून नोकरी नाकारली गेली, तर दोष नाकारणाऱ्याचा आहे.

हस्ताक्षरावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. श्मिट आणि हंटर या संशोधकांच्या निवडपद्धतींवरील १९९८ च्या प्रसिद्ध आढाव्यात, याच ० ते १ च्या मापावर, त्याचा आकडा ०.०२ आहे, म्हणजे जवळजवळ शून्य. पगाराच्या स्लिपबाबत एवढेच म्हणतो की, ज्याला पहिल्या नोकरीत कमी पैसे मिळाले त्याला पुढे प्रत्येक ठिकाणी कमीच मिळत राहावे, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ च्या कायद्याने उमेदवाराला ऑफर देण्याआधी मागचा पगार विचारण्यास मनाई केली आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशातही तशीच तरतूद आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, पण कामाची किंमत कामावरून ठरवायला कोणी अडवलेलेही नाही.

बाँडविषयी संदेशात थोडे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मात्र ती सार्वजनिक बँक होती आणि तिला खुल्या भरतीवर पुन्हा वेळ व पैसा खर्च करावा लागतो, हे न्यायालयाने विचारात घेतले होते. प्रत्येक छोट्या कंपनीने नवख्या मुलांकडून वाटेल ती रक्कम लिहून घ्यावी, असा त्याचा अर्थ होत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा तर त्या निकालाशी काहीच संबंध नाही. फी थकली म्हणून वकिलालासुद्धा अशिलाची कागदपत्रे अडवता येत नाहीत, असे याच न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. त्यामुळे भाचीला आणि तिच्यासोबत अर्ज करणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे की, मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवा, स्वतःची सही केलेल्या झेरॉक्स प्रती द्या आणि मूळ कागद टेबलावरून उठण्याआधी परत घ्या. ते ठेवून घेण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर तशी मागणी ई-मेलवर लेखी मागा.