रंग बदलताच येऊ नये अशी पीएसडी कशी लावावी

समजा तुम्ही कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी असल्या कुठल्यातरी गावात एसटी स्टँडजवळ एक गाळा घेऊन बसलाय आणि होमस्टेवाल्यांना नि आंबेवाल्यांना वेबसाइटची टेम्प्लेट करून देताय. धंदा बरा आहे. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत माडाच्या बागेत कोणी दोन खोल्या बांधल्या की त्याला वेबसाइट लागतेच. अडचण एकच, गिऱ्हाइकाला रंग बदलून हवा असतो आणि तो सारखा हवा असतो. मार्चात पेट्या सुटल्या की हापूसचा पिवळा, मिरग लागला की हिरवागार, दिवाळीनंतर तारकर्लीला गर्दी झाली की निळा, आणि मधेच गणपतीला मुंबईहून पुतण्या येतो, मोबाइलवर साइट बघून नाक मुरडतो नि म्हणतो काका हे सगळं जरा क्लासी करा ना. आता हे रंग काकांना स्वतःला बदलता आले, किंवा बाजूच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या पोराने अर्ध्या तासात बदलून दिले, तर तुम्ही काय करणार, वाढदिवसाचे फ्लेक्स? म्हणून सांगतो ते नीट ऐका, डिझाइनची फोटोशॉप फाईल, म्हणजे पीएसडी, लावायची ती अशी की उघडणाऱ्याने पाच मिनिटांत बंद करून तुम्हालाच फोन लावला पाहिजे.

पहिली गोष्ट, लेयरना, म्हणजे डिझाइनच्या एकावर एक ठेवलेल्या पापुद्र्यांना, नावं द्यायची नाहीत. फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा त्यात लेयर नव्हतेच, ते १९९४ ला ३.० मध्ये आले, म्हणजे इतकी वर्षं लोकांनी एकाच पापुद्र्यावर कामं केली आणि कुणाचं काही अडलं नाही. तुम्हाला लेयर फुकटात मिळालेत, वर त्यांची बारशी कशाला? 'लेयर ४७ कॉपी ३' हे नाव सॉफ्टवेअरने विचार करून ठेवलंय, त्याचा मान राखा. अगदीच राहवत नसेल तर नाव रंगावरून ठेवा, 'निळं बटण' असं. हे फार गुणकारी आहे. पुढच्या सीझनला ते बटण केशरी होतं, त्यानंतर हिरवं, नाव निळंच राहतं, आणि खरोखर निळं असलेल्या पट्टीचं नाव तोवर 'पिवळी पट्टी नवीन' झालेलं असतं. काही आगाऊ लोक कामावरून नावं ठेवतात, 'मुख्य बटण', 'दुय्यम बटण', 'फूटरची पार्श्वभूमी' वगैरे. असली नावं रंग कितीही वेळा बदलला तरी खरीच राहतात, तेव्हा त्यांच्यापासून लांब राहा.

ग्रुपही करू नका. हेडरचे लेयर हेडरच्या फोल्डरमध्ये, खोल्यांच्या कार्डांचे कार्डांच्या फोल्डरमध्ये, असं केलं की माणसाला आपण कुठे आहोत ते कळतं आणि कळलं की तो धीट होतो. सगळे लेयर मोकळे सोडा, फूटरचा पत्ता वर, मेनूची रेघ तळाला. जुने लेयर डिलीट न करता नुसता त्यांच्या शेजारचा डोळा बंद करून झाकून ठेवा. गुहागरच्या होमस्टेचं टेम्प्लेट देवगडच्या आंबेवाल्याला विकताना त्यात 'व्याडेश्वर मंदिर चालत पाच मिनिटे' हा लेयर झाकलेला असू दे, जुन्या मालकाचा मोबाइल नंबर आणि एसी रूमचा रेटही असू दे. कधीतरी कोणीतरी चुकून डोळा उघडेल आणि देवगडात बसून व्याडेश्वराला चालत निघेल, पण ती त्याची श्रद्धा.

आता मुद्द्याचं, म्हणजे रंग. फोटोशॉपमध्ये शेप लेयर किंवा सॉलिड कलरचा फिल लेयर असेल तर त्याच्या थंबनेलवर डबल क्लिक केलं की रंग बदलतो, कडा तशाच गुळगुळीत राहतात. इतकं सोपं आहे म्हणूनच ते ठेवायचं नाही. राइट क्लिक करा, रास्टराइज करा, म्हणजे आकाराचे नुसते पिक्सेल होतात. आता त्या गोल कोपऱ्याच्या बटणावर ज्याला नवीन रंग ओतायचा असेल तो पेंट बकेट घेऊन येईल, ओतेल, आणि कडेला जुन्या निळ्याची एक बारीक मळकट किनार राहील, कारण कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात आणि त्यांच्यावर रंग नीट बसत नाही. ती किनार घालवता घालवता रात्र होते, आणि पावसाळा असेल तर रात्र व्हायच्या आधी लाइट जाते.

सावल्यांचंही तेच. काळी सावली मल्टिप्लायवर, म्हणजे खालचा रंग नुसता गडद करणाऱ्या मोडवर, ठेवली तर खाली कुठलाही रंग आणा, ती त्याच्यावर शोभते. म्हणून सावली निळसरच रंगवा आणि पाठीमागच्या पट्टीत मर्ज करून टाका. उद्या पट्टी आंबेपिवळी झाली की खोलीच्या फोटोखाली जखम सुकल्यासारखा डाग दिसेल.

खोल्यांची सहा कार्डं असतील तर स्मार्ट ऑब्जेक्ट करू नका. तो २००५ पासून, सीएस२ पासून आहे, एक उघडून बदललं की सहाही बदलतात आणि तुमचं पाच कार्डांचं बिल जातं. कॉपी-पेस्ट मारा. प्रत्येक कॉपीत पिवळा वेगळा येईल याची काळजी घ्या, त्याला सोपा उपाय म्हणजे हापूसच्या फोटोवर रंग उचलणारा आयड्रॉपर मारायचा, दर वेळी नव्या जागी, एकदा देठाजवळ, एकदा उन्हाच्या बाजूला, एकदा जिथे जरा हिरवट राहिलाय तिथे. पॅलेट कुठे लिहून ठेवायची नाही. कोपऱ्यात पाच चौकोन काढून त्याखाली रंगांचे हेक्स कोड, म्हणजे रंगाचे आकडे, लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, घरी त्यांच्या मसाल्याच्या डब्यांवरही चिठ्ठ्या असणार.

कधीतरी गिऱ्हाईक तुमच्यासमोर येऊनच बसतं. "अरे, माका खालचा बटण पण कोकमी होया," असं म्हणतं. घाबरू नका. सगळे लेयर फ्लॅटन करून एकच चित्र करा, कंट्रोल-यू दाबा आणि ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, स्लायडर ओढा. बटण कोकमी होईल, आणि त्याबरोबर हापूस हिरवा, फोटोतल्या काकू शेवाळी, व्हॉट्सअॅपचं बटण निळं आणि जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, लोगो कुठल्याच खात्याने न दिलेल्या रंगाचा. दुसऱ्याचे लोगो आणि माणसांचे चेहरे थीमच्या रंगापासून वेगळे ठेवायचे असतात म्हणे. तसे ठेवले असते तर काकू वाचल्या असत्या, पण मग 'फोटो करेक्शन' या नावाने वेगळे पैसे कसे लावले असते?

इथवर वाचून कोणी हुशार म्हणेल की पीएसडीत रंग बदलून साइट थोडीच बदलते, साइटचा रंग सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, असतो. अगदी बरोबर, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला कधीही सांगू नका. पुतण्या दोन दिवस खपून पीएसडी हिरवी करतो, सेव्ह करतो, मोबाइलवर साइट रिफ्रेश करत बसतो, त्याचा तो आनंद हिरावून घेऊ नये. सीएसएसमध्ये मात्र तुम्ही सावध राहा. तिथे व्हेरिएबल नावाची एक सोय आहे, वर रूटमध्ये मुख्य रंग एकदाच लिहायचा आणि खाली सगळीकडे नुसतं त्याचं नाव वापरायचं, म्हणजे एक ओळ बदलली की अख्खी साइट बदलते. बंद करा तो प्रकार. तोच केशरी एका ठिकाणी हेक्समध्ये लिहा, दुसरीकडे आरजीबीत, तिसरीकडे त्याच्यासारखाच दिसणारा पण एका आकड्याने वेगळा, आणि मेनूत सरळ एचटीएमएलमध्येच इनलाइन टाकून वर इम्पॉर्टंट मारा, म्हणजे बाकी कुठून बदलला तरी तोच रंग चालेल. कोणी फाइंड-रिप्लेस केलं तरी चार जागा जुन्याच रंगाच्या राहिल्या पाहिजेत. त्यातली एक बुकिंगच्या फॉर्मवरच्या एररची असावी, म्हणजे ती सीझन भरात आल्याशिवाय दिसत नाही.

फाईल सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या रंगांतच, राहू दे, कारण मूळ डिझाइन तुम्ही बॅनरवरून उचललंय, आणि मग स्क्रीनवर रंग मेल्यासारखा का दिसतो यावर मॉनिटरला दोष द्या. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं जरूर टाका, आंब्याच्या साइटला तेच शोभतं. वेब अॅक्सेसिबिलिटीच्या गाइडलाइन्स साध्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट मागतात आणि पांढऱ्यावर भडक पिवळा जेमतेम १.०७ : १ देतो, पण डझनाचा भाव वाचता आला नाही तर लोक फोन करतात आणि फोनवर घासाघीस करायला मालकाला आवडतं. मराठी मजकूर मुक्ता, बालू असल्या फुकट मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करू नका, जुन्या श्रीलिपीतच करा, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर 'घरगुती जेवण' उघडताना इंग्रजी अक्षरांची खिचडी निघेल. फाईलचं नाव 'फायनल_२_काकांनी_सांगितलेलं_आता_हेच.पीएसडी' असं ठेवा, आणि त्याच फोल्डरात तिच्यापेक्षा नंतरच्या तारखेची 'जुनं' असू दे.

आता एक इशारा. सावंतवाडीकडे एक बाई आहेत, त्या हा सगळा धंदा बुडवायला निघाल्यात. त्यांच्या फाईलमध्ये ग्रुप आहेत, लेयरना नावं आहेत, जे बदलायचं त्यावर हिरवं लेबल आणि जे हलवायचं नाही त्याला कुलूप, उन्हाळा-पावसाळ्याचे दोन्ही अवतार लेयर कॉम्पमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या मांडणीत, एका क्लिकवर, आणि झिपमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल, कुठला रंग पीएसडीत कुठे आणि सीएसएसच्या कुठल्या ओळीत, फॉन्ट कुठून घ्यायचा, सगळं मराठीत. त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या बारावीतल्या मुलीने दोनदा लाइट जायच्या मधल्या वेळात स्वतःच साइट हिरवी केली. बाईंना फोन आला तो धन्यवाद म्हणायला, आणि पाठोपाठ त्या गिऱ्हाइकाच्या तीन पाहुण्यांची नवीन साइटची कामं आली, जी अर्थात कुणाला नकोच असतात.

तर असली एखादी नीट लावलेली फाईल कधी तुमच्याकडे दुरुस्तीला आली, आणि गिऱ्हाईक म्हणालं की फक्त फूटरचा रंग बदलून द्या रे, तर तो बदलायला दहा सेकंद लागतील. बदलू नका. आधी शिफ्ट-कंट्रोल-ई दाबून दिसणारे सगळे लेयर एकात घाला, आणि मग सेव्ह. सेव्ह अॅज नको, नुसतं सेव्ह.