हजेरीची जुडी

गेल्या सोमवारी सकाळी ९ वाजून २४ मिनिटांनी मी कृष्णेच्या पात्रात उभा होतो. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या जरा वरच्या अंगाला, निम्म्या पाण्यात. हे माझं म्हणणं नाही, माझ्या मोबाइलचं आहे. माझं म्हणणं असं की मी हरभट रोडच्या मागच्या बोळात, आमच्या ऑफिसात, माझ्या खुर्चीवर बसलो होतो. कुलूप मीच काढलं होतं, शटर मीच वर ढकललं होतं, गणपतीच्या फोटोला उदबत्तीही मीच लावली होती. पण मला विचारतो कोण? हजेरीच्या ॲपवर लाल अक्षरांत आलं, 'तुम्ही कार्यालयाच्या हद्दीबाहेर आहात. अंतर ६४० मीटर.' महिन्यातला तिसरा लेट मार्क. तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कट.

म्हणजे ज्याच्या खिशात ऑफिसची किल्ली, तोच गैरहजर. आणि मी दार उघडलं म्हणून आत येऊ शकलेले बाकीचे चौघे हजर, कारण त्यांचे मोबाइल नवे.

आमचं ऑफिस म्हणजे हळद-बेदाण्याच्या अडतीची पेढी. मी पट्ट्या करतो. शेतकऱ्याची हळद सौद्यात गेली की वजन, भाव, हमाली, तोलाई मांडून जो हिशेबाचा कागद त्याच्या हातात पडतो, ती पट्टी. २४ वर्षं हेच करतोय. या २४ वर्षांत हजेरीच्या तीन राजवटी पाहिल्या.

पहिली राजवट मस्टरची. त्या वेळचे हेडक्लार्क १० वाजून १० मिनिटांनी लाल पेन्सिलीने रेघ मारायचे. रेघेच्या खाली सही गेली की उशीर. पण रेघ मारणारा माणूस होता. मिरजेची बस चुकली, मुलाला ताप आला, सायकल पंक्चर झाली, काहीही सांगा, ते चष्म्यावरून बघायचे, 'हं' म्हणायचे आणि रेघ एक ओळ खाली ओढायचे. अगदीच नाही ओढली तरी २०१९ ची सोय होतीच. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या पेढीत लाकडी कपाट तरंगत होतं आणि कपाटात मस्टर. पाणी उतरल्यावर मस्टर काढलं तर पानांचा लगदा आणि त्यावर सगळीकडे फिकट गुलाबी डाग. माझे दोन लेट मार्क त्या लगद्यात विरघळले. त्या पुरात घरच्या गाद्या गेल्या, फ्रिज गेला, मोटरसायकल गेली, फायद्याची गोष्ट म्हणाल तर ही एवढीच.

आता मात्र हजेरी 'क्लाउड'वर असते. पुराचं पाणी तिथं पोचत नाही, असं मालकांच्या धाकट्या चिरंजीवांनी फार अभिमानाने सांगितलं. आता आम्हा सांगलीकरांना ढगावर विश्वास ठेवा म्हणून सांगायचं म्हणजे जरा जास्तच झालं. आमच्याकडे पाणी येतं तेच मुळी तिथून.

मधली राजवट अंगठ्याची. ती फार टिकली नाही. कागद मोजता मोजता माझ्या अंगठ्याच्या रेघा इतक्या झिजल्यात की मशीन मला रोज 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं आणि मी रोज अंगठा पॅन्टला पुसून पुन्हा प्रयत्न करायचो. २०२० मध्ये कोरोना आला, मशीनला कुणी हात लावू नये असं ठरलं आणि माझा अंगठा त्या छळातून सुटला. त्यानंतर चिरंजीव पुण्याहून शिकून आले. येताना ॲप घेऊन आले.

ॲपचं काम असं. ऑफिसभोवती नकाशावर १०० मीटरचं एक रिंगण आखलेलं. त्या रिंगणात उभं राहून मोबाइलसमोर चेहरा धरायचा. जागा समजते उपग्रहांवरून, आणि ते फिरतात वीस हजार किलोमीटर उंचीवर. एवढ्या लांबून येणारा संदेश अगदीच अशक्त. मोकळ्या आभाळाखाली तो बरोबर पोचतो. पण आमची पेढी म्हणजे जुन्या वाड्याचा तळमजला, भिंती दोन हात जाड, वर माळा, माळ्यावर बेदाण्याचे रिकामे खोके. उपग्रह सापडला नाही की मोबाइल जवळपासच्या टॉवरवरून अंदाज बांधतो आणि मला खुशाल नदीत नेऊन सोडतो. एकदा तर मी थेट पलीकडच्या काठावर, सांगलवाडीत होतो.

अनुभवाने आम्हाला कळलं की रिंगणात बसणारी आणि डोक्यावर उघडं आभाळ असलेली जागा एकच. बोळाच्या तोंडाशी, भाजीवाल्या मावशींच्या पाटीशेजारी.

मावशी सत्तरीच्या. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. पुढ्यात पोतं, पोत्यावर मेथी, शेपू, कोथिंबीर, कडेला लिंबांचा ढीग. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभा राहून मोबाइल तोंडासमोर धरला. ॲप म्हणालं, 'डोळे मिचकवा.' मी मिचकवले. ॲप म्हणालं, 'मान डावीकडे वळवा.' डावीकडे मेथी निवडत एक बाई उभ्या होत्या. मी मान वळवली आणि त्याच क्षणी ॲपने परत डोळे मिचकवायला सांगितलं.

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मावशींनी मान वर केली.

"काय वो सायब, कुनाला डोळा घालालाय?"

"नाही मावशी, हजेरी लावतोय."

"डोळा घालून?"

"हो. मी जिवंत आहे हे त्याला दाखवावं लागतं."

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग आता काय मेलायसा व्हय?"

"तसं नाही हो. दुसरं कुणी माझा फोटो धरून माझी हजेरी लावेल, म्हणून फोटो आहे का खरा माणूस आहे, ते तपासतात."

"तुमचा फोटो घिऊन हितं कोन येनार हाय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही. मेथीवाल्या बाई हसल्या, म्हणजे निदान पोलिसात जाणार नव्हत्या. मावशींनी त्यांना वर सांगितलं, "तसला न्हाई वो ताई. गरीब हाय बिचारा. नोकरदार हाय."

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी या प्रकरणात जातीने लक्ष घातलं. त्यांची समजूत अशी की हे सगळं रेशनच्या मशीनचंच भावंड. आणि त्या मशीनचा त्यांचा अभ्यास आमच्या पुण्याच्या एचआर मॅडमपेक्षा कितीतरी जास्त.

"मशिनीला माझा अंगठा तीन महिनं वळखला न्हाई," त्या म्हणाल्या आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरला. खरंच त्यावर एकही रेघ नव्हती, गुळगुळीत, पिवळट, वखारीत हळद निवडून निवडून गोट्यासारखा झालेला. "तेल लावलं, राखंनं घासला, दुकानदार म्हनला लिंबू चोळ. काय न्हाई. मग ल्येकीचा अंगठा लावून गहू आनला. तुमी बी तसंच करा की. घरच्या मालकिनीला उभी करा हितं."

"मावशी, तिथं घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो. इथं नाही चालत."

"का? पगार कुनाच्या घरात जातो?"

एचआरच्या कुठल्याही धोरणात या प्रश्नाचं उत्तर नाही. मी बघितलंय.

चौथ्या दिवशी मावशींनी दर ठरवला. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ ही त्यांच्या बोहनीची वेळ. बोहनीच्या वेळी पाटीसमोर रिकाम्या हाताने कुणी उभं राहिलेलं त्यांना चालत नाही. "एक जुडी घ्या आन् काय डोळं मिचकायचं ते मिचका." जुडी १० रुपये. माझ्यामागून आमचा टेम्पो लावणारा आला, तिजोरीवाला आला, टॅली करणारी मुलगी आली. प्रत्येकी एक जुडी. आठवडाभरात मावशी आमच्यासाठी वेगळी कोथिंबीर काढून ठेवू लागल्या. लांबून आम्ही दिसलो की शेजारच्या फुलवाल्याला सांगायच्या, "आलं बग हजेरीवालं."

महिन्याचे २६ दिवस, रोज १० रुपये, म्हणजे नोकरीवर हजर असल्याच्या पुराव्याला मला महिन्याला २६० रुपयांची कोथिंबीर लागते. घरी कोथिंबीर वडी झाली, चटणी झाली, वाटून फ्रीजरमध्ये झाली. बायको एके दिवशी म्हणाली, "तिथं नक्की कोण बसतं?" मी म्हटलं, मावशी. ती म्हणाली, "केवढी आहे?" आता सत्तर वर्षांच्या बाईचं वय सांगतानाही माझा आवाज का कापला, कुणास ठाऊक.

एकदा तर ॲपने 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले' म्हणून हजेरी फेटाळली. वळून बघतो तर मावशी माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होत्या. म्हणाल्या, "मला बी घ्या की हजेरीत. मी तर पाटं पाचपासनं हाय." मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

तर सोमवार. सोमवारी धो धो पाऊस. मावशी आल्या नव्हत्या. त्यांच्या जागेवर छत्री घेऊन उभा राहिलो, तर छत्रीखाली 'पुरेसा प्रकाश नाही.' छत्री मिटली तर कॅमेऱ्यावर पाणी आणि 'चेहरा स्पष्ट नाही.' शेवटी ओला होऊन आत खुर्चीवर येऊन बसलो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी ओला होतो हा एकच पुरावा मी नदीत असल्याच्या बाजूने जात होता.

मी एचआर मॅडमना फोन लावला. मॅडम पुण्याहून चार पेढ्यांचं एचआर बघतात. वय असेल सव्वीस-सत्तावीस. फार गोड बोलतात. माझ्यावर कुणी इतक्या गोड आवाजात अन्याय यापूर्वी केलेला नाही.

"सर, सिस्टीममध्ये तुम्ही दिसत नाही आहात."

"मॅडम, मी ऑफिसच्या लँडलाइनवरून बोलतोय."

"हो सर, पण सिस्टीममध्ये नाही दिसत. तुम्ही एक तिकीट रेझ करा ना."

मला तिकीट म्हटलं की एसटी आठवते. हे तिकीट म्हणजे तक्रार. ॲपमध्ये गेलो. 'कारण निवडा' : प्रवास, आजारपण, वैयक्तिक, इतर. 'ऑफिसातच होतो' असा पर्याय नाही. तसं कुणाच्या बाबतीत होईल हे ॲप बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही. 'इतर'मध्ये ५० अक्षरांची मर्यादा. मी लिहिलं, 'मी ऑफिसातच होतो. किल्ली माझ्याकडे असते.' स्थिती : प्रलंबित. चिरंजीव तर माझ्यासमोर तीन फुटांवर बसलेले असतात. त्यांना तोंडाने सांगितलं. ते म्हणाले, "काका, मला माहितीय हो, पण सिस्टीममध्ये हात घालता येत नाही." यांच्या आजोबांच्या पेढीत पेन्सिलीची रेघ खाली ओढलेली मी पाहिली आहे.

त्याच सोमवारी रात्री १० वाजून ५० मिनिटांनी मोबाइल वाजला. पेढीचा ग्रुप. 'काका, उद्याच्या सौद्याच्या पट्ट्या आत्ताच बघून ठेवा. वजनात फरक वाटतोय.' मी घरी विश्रामबागेत, ताटावर. मेसेज उघडला, दोन निळ्या खुणा उमटल्या, आता वाचलं नाही म्हणायची सोय नाही. या निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या. त्याआधी माणसाला थोडं तरी खोटं बोलता यायचं. ताट बाजूला सारून रात्री साडेबारापर्यंत पट्ट्या तपासल्या. फरक निघाला, ४० किलोंचा. दुरुस्त केला. ऑफिसपासून चार किलोमीटर लांब बसून, अर्धा दिवस कापलेल्या माणसाने. तेव्हा मात्र त्या मोबाइलवर एकदाही लाल अक्षरांत आलं नाही की तुम्ही कार्यालयाच्या हद्दीबाहेर आहात.

रिंगण फक्त मला आत घेण्यापुरतं आहे. कामाला बाहेर पडायला ते कुठंच अडवत नाही. फ्रान्समध्ये म्हणे २०१७ पासून कायदा आहे, कामाची वेळ संपली की मोबाइलपासून सुटण्याचा हक्क. आपल्याकडे २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही. हे मी ताटावर बसून बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, भात गार होतोय.

अर्ध्या दिवसाचे पैसे काही फार नाहीत. पण पगाराच्या चिठ्ठीवर माझ्या नावापुढे 'गैरहजर' असा शब्द छापून येणार, तो सलतोय. २४ वर्षांत मी आजारी पडलो, रजेवर गेलो, एकदा तर मुलीच्या लग्नात पाच दिवस नव्हतो. गैरहजर कधीच नव्हतो.

आज पाऊस उघडला. मावशी आल्या होत्या, गुडघ्याला फडकं बांधून. मी नेहमीप्रमाणे दहाची नोट काढली.

"आज तीस," मावशी म्हणाल्या.

"तीस?"

"पावसानं सडली कोतमीर. चांगली हाय तेवडीच आनली. परवडत न्हाई तर शेपू घ्या, धाला देते."

शेपू आमच्या घरात कुणीही खात नाही. मी मोबाइलवर बघितलं. ९ वाजून २८ मिनिटं झाली होती, आणि ॲप डोळे मिचकवायला सांगत होतं.

मी शेपू घेतली.