कंटाळ्याला मखाना चालत नाही

घरी राहून वजन उतरवायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो डब्यांच्या अदलाबदलीचा. फरसाण काढा, मखाना भरा. ग्लुकोजची बिस्किटं बंद, मारी चालेल. चिवडा नको, भाजके चणे ठेवा. पटो न पटो, माझं मत सांगते. ज्याला खरंच भूक लागते त्याला ही अदलाबदल थोडीफार उपयोगी पडेल. जो कंटाळा आला म्हणून खातो, त्याला तिचा काडीचाही उपयोग नाही. कंटाळा डब्यात काय आहे ते बघत नाही. त्याला फक्त डबा उघडायचा असतो.

हे मी कशावरून म्हणते? मी सांगलीत राहते आणि लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं घरूनच करते. या कामाला महिन्याची ठरलेली भरती-ओहोटी आहे. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरायचं. या मधल्या दिवसांत फोन थांबत नाही. कुणाचं बिल सापडत नाही, कुणाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, २बी या सरकारी तक्त्यात दिसत नाही, कुणाला विसाव्या तारखेच्या संध्याकाळी आठवतं की आपलं एक दुकान ईश्वरपुरातही (पूर्वीचं इस्लामपूर) आहे. त्या दिवसांत फडताळात भडंगाचा डबा आहे हेसुद्धा मला आठवत नाही. एकवीस तारीख उजाडली की तेच घर, तोच डबा, तेच पोट, आणि दुपारी साडेतीनपासून माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या सुरू. आता मला सांगा, भूक काय कॅलेंडर बघून लागते?

(काहींचं उलट असतं. कामाच्या ताणातच तोंड सुरू होतं. तो प्रकार वेगळा, त्याचा उपायही वेगळा. मी इथे रिकाम्या दुपारीबद्दलच बोलतेय.)

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना खोलीत बसवून चित्रफितीचा एकच छोटा तुकडा तासभर पुन्हा पुन्हा दाखवला आणि शेजारी चॉकलेटच्या गोळ्या ठेवल्या. कंटाळलेल्या लोकांनी त्या जास्त खाल्ल्या, यात नवल काही नाही. पुढचा भाग मजेदार आहे. दुसऱ्या फेरीत चॉकलेटऐवजी विजेचा सौम्य झटका स्वतःला देता येईल अशी सोय ठेवली. कंटाळलेल्या माणसांनी तोही जास्त वेळा घेतला! म्हणजे मुळात जिभेचे लाड हा मुद्दाच नव्हता. चाललंय त्यापेक्षा वेगळं काहीतरी घडायला हवं होतं, मग ते गोड असो की चटका देणारं.

आता घरातली दुपारी चारची वेळ डोळ्यांसमोर आणा. बैठकीची खोली शांत, झोपायची खोली शांत, गल्लीत कुत्रंसुद्धा सावलीत पडलेलं. सगळ्या घरात काहीतरी घडू शकेल अशी जागा एकच, स्वयंपाकघर. तिथे झाकण उघडल्याचा आवाज आहे, वास आहे, कुरकुरीत काहीतरी आहे. आपण तिकडे जातो ते पोटासाठी नव्हे.

आणि आमच्या भागात तर भडंग. सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर या पट्ट्यात ज्याच्या घरी भडंग नाही त्याच्याकडे लोक जरा काळजीनेच बघतात. खास कंटाळ्यासाठी एखादा पदार्थ बनवायचा म्हटलं तर यापेक्षा सरस काही सुचणार नाही. चुरमुरे हलके, त्यामुळे पोट भरल्याचं कळतच नाही. लसूण आणि तिखट असल्यामुळे प्रत्येक बकाणा पुढच्याला बोलावतो. शेंगदाणे हाताला लागतात तसे वेचून खाता येतात, म्हणजे बोटांनाही उद्योग. शिवाय ताट लागत नाही, बसावं लागत नाही, उष्टं-खरकटं होत नाही, त्यामुळे आपण जेवलो-खाल्लं अशी मनात नोंदही होत नाही. येता-जाता फक्की मारली, एवढंच. चुरमुरे हलके असतात हे खरं, पण त्यावरचं तेल आणि शेंगदाणे हलके नसतात. तेलाच्या एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, ४५ कॅलरी. ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे साधारण १७०. अर्धा तास झपझप चालून सत्तर किलोच्या आतबाहेरच्या माणसाच्या जेमतेम १०० ते १५० खर्च होतात. जोडीला तासगावच्या पाहुण्यांनी आणून दिलेले बेदाणे असतातच, 'चांगले असतात गं तब्येतीला' म्हणून.

मखान्याचाही हिशेब करू. कोरडा मखाना १०० ग्रॅममागे ३५० च्या आसपास, तुपात परतला की आणखी वर. मारी आणि ग्लुकोजची बिस्किटं यांच्या पाकिटांची मागची बाजू शेजारी ठेवून वाचा, १०० ग्रॅमला दोन्ही साधारण साडेचारशेच्याच घरात. त्यातून पाकिटावर 'डाएट' असं लिहिलेलं असलं की एकादशी आणि दुप्पट खाशी हे ठरलेलं. सध्या दुकानांत जो 'हेल्दी स्नॅक्स'चा रॅक भरलेला दिसतो, तो मला भुकेल्यांचा बाजार वाटत नाही. तो कंटाळलेल्यांचा बाजार आहे आणि जोरात चाललाय.

मध्यंतरी महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर असा वाद घरोघरी रंगला होता, आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांचा आहाराबद्दलचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणाले दिवसातून दोनदाच जेवा, एकेक जेवण ५५ मिनिटांत उरका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणाल्या दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, आपल्या मातीतलं खा. आमच्या सोसायटीत यावरून दोन तट पडले, एका हळदीकुंकवाला तर चांगलीच जुंपली. दोन्हीकडच्या लोकांची वजनं उतरलेली मी बघितलीत आणि दोन्हीकडच्यांची परत चढलेलीही. चढली त्यांच्याशी बोललं की बहुतेक वेळा एकच ऐकू येतं, 'जेवणाचं सगळं पाळत होते गं, पण मधल्या वेळेत...' त्या मधल्या वेळेत करायचं काय, याच्यावर कुणी भांडलंच नाही.

भूक की कंटाळा हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. डबा उघडायच्या आधी स्वतःला विचारायचं, सकाळची गार भाकरी आणि ठेचा आत्ता खाशील का? हो असेल तर भूक आहे, बसून खा. 'नको, दुसरं काहीतरी' असं उत्तर आलं तर पोटाचा त्यात संबंध नाही. भूक हळूहळू वाढते आणि तिला काहीही चालतं. कंटाळ्याला अमुकच हवं असतं आणि ते हातात आलं की तेही नको असतं.

मात्र यात एक मेख आहे. आपल्यापैकी अनेकींचं दुपारचं जेवणच धड नसतं. सगळ्यांचे डबे गेले की उरलेली दीड पोळी आणि बटाट्याची भाजी, तीही ओट्याशी उभ्याने. त्यात डाळ नाही, उसळ नाही, दही नाही, अंडं नाही. मग चार वाजता लागते ती खरीच भूक असते आणि बाई स्वतःलाच दोष देत बसते की माझ्यात निग्रहच नाही. निग्रहाचं नंतर बघू. आधी दुपारी मटकी नाहीतर मूग पानात आहेत का ते बघा.

कंटाळा घालवायला आपण सगळे फोन उचलतो. त्याचाही भरवसा नाही. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर भराभर उड्या मारणाऱ्यांना, एकच व्हिडिओ सलग बघणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा येतो. रील्स बघून उठलेल्या माणसाचा चेहरा बघितला की हे पटतं. शिवाय फोनला एक अंगठा पुरतो. दुसरा हात मोकळा, आणि मोकळ्या हाताला डबा बरोबर सापडतो. टीव्हीचं तर विचारूच नका, तिथे दोन्ही हात मोकळे.

त्यामानाने डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारी कामं खरोखर उपयोगी पडतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या अभ्यासात लोकांनी नुसती तीन मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा व्हिडिओ गेम, खेळली, तेवढ्यानेही त्यांना होणाऱ्या खाण्यापिण्याच्या तीव्र इच्छा सुमारे एक पंचमांशाने उतरल्या. संशोधकांचं म्हणणं असं की इच्छा म्हणजे मनात रंगवलेलं चित्र असतं, आणि तीच जागा दुसऱ्या चित्राने व्यापली की पहिलं फिकं पडतं. मला टेट्रिस जमत नाही. मी मेथी निवडते. हसू नका. मेथीची जुडी निवडताना डबा उघडता येत नाही, कारण हात मातीचे असतात, आणि उठायचं तर आधी पसारा आवरावा लागतो. विणकाम, फॉल-बिडिंग, रांगोळी, पेटीचा रियाज, सगळं या कामाला येतं.

यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, 'मग आम्ही दुसरं काय करत होतो?' बरोबरच आहे. त्यांच्या दुपारी गहू निवडण्यात, तांदूळ पाखडण्यात, वाती वळण्यात जायच्या. चिवडा दिसायचा तो दिवाळीला. आता धान्य निवडलेलं येतं, पीठ पाकिटातून येतं, म्हणजे दुपार रिकामी झाली, आणि त्याच वेळी फडताळ मात्र बारा महिने दिवाळीसारखं भरलेलं. पण लगेच 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांनी टाळ्या पिटू नयेत. त्या कामांनी या बायकांच्या कमरा आणि गुडघे गेले. सासूबाईंना कुणी गहू पाखडायला परत बसवायला निघालं तर त्या सूपच फेकून मारतील.

माझ्यापुरता मी वेळेतला बदल केला. पूर्वी अवघड, डोकं लागणारी कामं सकाळी आणि दुपारी फायली लावणं, स्कॅन करणं असली रटाळ कामं असायची. आता उलटं. एकवीस तारखेनंतरच्या दिवसांत २बी आणि खरेदीची वही जुळवणं, म्हणजे जिथे एखादी शंभर रुपयांची तफावत सापडेपर्यंत माणूस उठत नाही असलं काम, साडेतीन ते साडेपाचला. स्कॅनिंग सकाळी, पोटात पोहे असताना. बोलघेवड्या पक्षकारांचे फोनही दुपारीच, कारण कुरकुरीत खात खात हिशेबाचं बोलता येत नाही.

आणि मधे चहा. चोरून नव्हे, राजरोस. सासूबाईंबरोबर टेबलाशी बसून, ताटलीत वाढून घेऊन. थालीपीठ असेल, उसळ असेल, कधी भडंगही असतो, पण वाटीतून. वाटीत घेतल्याने आपोआप कमी खाल्लं जातं असा माझा दावा नाही. भांड्यांच्या आकारावरचं संशोधन गाजवणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॅनसिंक यांचे कितीतरी शोधनिबंध मागे घेतले गेले आणि २०१८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हा त्या सल्ल्यावर फार भिस्त नको. वाटीचा उपयोग वेगळा आहे. वाटी संपते, आणि पुन्हा भरायची तर उठून ठरवावं लागतं. डब्यात हात घातला की काही ठरवावंच लागत नाही.

'कंटाळा आला तर फिरून या' हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून विनंती, मे महिन्यात दुपारी चार वाजता सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत स्वतः चालून दाखवा. हिवाळ्यात जरूर जावं. मीही जाते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाला दुपारी अचानक भूक लागून घाम आला, हात थरथरले, तर तो कंटाळा नाही. मशीनवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्या आणि डॉक्टरांना कळवा. तसंच कुणी लपून, आवरता न येता, पोट दुखेपर्यंत खात असेल आणि मग स्वतःचा तिरस्कार करत असेल, तर त्याला मेथी निवडायला सांगू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

रात्री दहानंतरचं खाणं मी यात मुद्दाम घेतलं नाही. ते वरून सारखंच दिसतं, पण माझ्या मते तिथे कंटाळा नसतोच. मुलं झोपलेली, ओटा पुसलेला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मिळालेला स्वतःचा अर्धा तास. त्या वेळी बाई चकलीचा तुकडा तोंडात टाकते तो कमावलेला असतो, निदान तिला तसं वाटतं. तिथे माझी साडेतीनची युक्ती चालत नाही, मी करून बघितली आहे. तुमच्यापैकी कुणी तो अर्धा तास राखून चकली तेवढी सोडली असेल, तर कसं जमवलंत ते लिहा. मखान्याच्या रेसिपी कृपया नकोत.