पोलीस असूनही?

आज भेटायला आलेले एक काका आईला म्हणाले, "वहिनी, पोलीस असूनही माणूस किती घरचा होता हो!" अगदी मायेने म्हणाले. आई मान हलवत राहिली. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. अण्णांना जाऊन १६ दिवस झाले, आणि आज पहिल्यांदा रडू आलं नाही, संताप आला.

असूनही म्हणजे काय? बँकेतला माणूस गेला की कोणी म्हणतं का, बँकेत असूनही मुलांवर जीव होता?

अण्णा १९७५ साली मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून लागले आणि २०१३ साली, ५८ पूर्ण झाल्यावर, फौजदार म्हणून घरी आले. आम्ही पोलीस लाइनीत वाढलो. रात्री ते कधी यायचे हे आम्हा भावंडांना कळायचं नाही, कारण आमची झोप मोडू नये म्हणून बूट बाहेरच काढून, हातात धरून आत यायचे. आम्हाला कळायचं ते पेन्सिलींवरून. सकाळी कंपासपेटी उघडली आणि ब्लेडने केलेलं लांब, सरळ टोक दिसलं की दादा म्हणायचा, "अण्णा येऊन गेले." शार्पनरने तसं टोक होतच नाही.

जानेवारी १९९३. मुंबई पेटलेली, मी चौथीत. शाळा बंद, म्हणजे पेन्सिलींना काही काम नाही. म्हणून रात्री झोपताना मी त्यांची टोकं मुद्दाम मोडून ठेवायचे. सकाळी बघावं तर तशीच. नऊ दिवस तशीच. आई चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही, पण लाइनीतल्या सगळ्या बायका दिवसभर जिन्यातच उभ्या असायच्या. दहाव्या सकाळी तिन्ही पेन्सिलींना टोक होतं. अण्णा पुन्हा बंदोबस्तावर गेलेही होते. दोन तासांसाठी घरी आलेला माणूस झोपला नाही, पेन्सिली करत बसला. हा माणूस "पोलीस असूनही" घरचा?

हो, खात्यात पैसे खाणारे आहेत, गरिबावर हात उचलणारे आहेत. मान्य. अण्णांनाच त्यांची सर्वांत जास्त चीड होती.

पण ज्या अनंत चतुर्दशीला तुम्ही मुलांना खांद्यावर घेऊन विसर्जन बघता, तेव्हा दोरखंड धरून उभ्या असलेल्या माणसाची मुलं कुठे असतात, हे कधी मनात आलंय? साप्ताहिक सुट्टी कागदावर, रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला तो २०१६ साली. अण्णांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. "पोरांना बाप दिसेल आता," एवढंच म्हणाले. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. त्यांची ३८ वर्षं बारा-बारा, सोळा-सोळा तासांत गेली होती.

२६ नोव्हेंबर आला की तुकाराम ओंबळेंचे फोटो आपण सगळेच टाकतो. गिरगाव चौपाटीवर नुसती लाठी घेऊन गेलेल्या त्या माणसाने कसाबची रायफल सोडली नाही. त्यांच्याही घरी मुली होत्या. गेल्यावर अशोकचक्र, आणि जिवंत आहे तोवर "पोलीस असूनही"? २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, अण्णा घरातल्या घरात दोन मिनिटं ताठ उभे राहायचे. कोणाला सांगायचे नाहीत. आम्ही आपोआप टीव्ही बंद करायचो.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा.

निवृत्तीनंतर ते माझ्या मुलाच्या पेन्सिली करायचे. शेवटच्या वर्षी हात थरथरायचा. एका टोकाला अर्धा तास लागायचा, मध्येच शिसं मोडायचं, की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हटलं, "अण्णा, राहू द्या, शार्पनर आहे त्याच्याकडे." तर म्हणाले, "अगं, त्याला सकाळी कळायला नको का, मी होतो म्हणून?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. आम्ही पेटी उघडून काय बघायचो ते त्यांना इतकी वर्षं माहीत होतं.

उद्या त्या काकांना फोन करणार आहे. भांडायला नाही. पेन्सिलींचं सांगायला.