प्रवासाचं घड्याळ म्हणजे जीएमटीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मागच्या लेखात रोजच्या वापराला आणि प्रवासाला चालेल असं एकच महागडं घड्याळ घ्यायचं असेल तर तीन नावं सुचवली होती: रोलेक्स एक्सप्लोरर ३६, ट्युडर रेंजर आणि ओमेगा ॲक्वा टेरा. त्यावर तुमचे आक्षेप तीन. प्रवासाचं घड्याळ म्हणता आणि यादीत एकही जीएमटी, म्हणजे चोवीस तासांच्या जादा काट्यावर दुसऱ्या ठिकाणची वेळ दाखवणारं घड्याळ, नाही. पाणीरोधक क्षमता १०० मीटर म्हणजे हात धुण्यापुरतं, पोहायचं तर २०० हवंच. आणि एवढे पैसे मोजून अचूकता बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळापेक्षा कमीच. तुमचं पुणे-दुबई-लंडन असं सतत येणं-जाणं असतं, असंही तुम्ही लिहिलं आहे. म्हणून पहिल्या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहितो.

जीएमटी मुद्दामच वगळलं होतं आणि त्याचं कारण आहे आपला अर्धा तास. रोलेक्स जीएमटी-मास्टर २, एक्सप्लोरर २, ट्युडर ब्लॅक बे ५८ जीएमटी या सगळ्यांत खरी सोय कोणती? क्राऊन, म्हणजे बाजूची चावी, एक टप्पा बाहेर ओढला की तासकाटा एकेक तासाच्या उडीने पुढे-मागे जातो. मिनिटकाटा, सेकंदकाटा आणि चोवीस तासांचा काटा जागचे हलत नाहीत. लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्यासाठी हे अप्रतिम आहे. भारताची वेळ मात्र जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे.

तुमचाच प्रवास घ्या. भारतात साडेअकरा वाजलेत, दुबईत दहा. तासकाटा एक उडी मागे नेला तर घड्याळ साडेदहा दाखवणार, दोन उड्या नेल्या तर साडेनऊ. दहा काही येत नाहीत. मग क्राऊन पूर्ण ओढून मिनिटं अर्धा तास हलवावी लागतात. सेकंदकाटा थांबतो आणि चोवीस तासांचा काटाही त्याच चक्रांवर असल्यामुळे अर्धा तास सरकतो. म्हणजे जो काटा भारताची वेळ दाखवायला घेतला, तो आता भारताची वेळ अर्ध्या तासाने चुकीची दाखवतो. मनात अर्धा तास मिळवायचाच असेल तर साध्या तीन काट्यांच्या घड्याळावर दीड तास मिळवणं काय कठीण आहे?

यावर एक चांगला तोडगा आहे, पण तो बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या आकड्यांच्या कड्यावर, अवलंबून आहे. रोलेक्स जीएमटी-मास्टर २ चं सध्याचं बेझल २४ टप्प्यांचं आहे, म्हणजे एक टप्पा एक तासाचा. तिथे अर्धा तास बसतच नाही. एक्सप्लोरर २ चं बेझल तर फिरतच नाही. ट्युडरच्या ब्लॅक बे जीएमटी घड्याळांचं बेझल ४८ टप्प्यांचं आहे, एक टप्पा अर्ध्या तासाचा. तिथे असं करा: चोवीस तासांचा काटा भारताच्या वेळेवर न लावता जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर लावा आणि बेझल डावीकडे ११ टप्पे फिरवा. झाले साडेपाच तास. आता दुबईत दहा वाजता तो काटा बेझल फिरवण्याआधी त्यावरचे सहा जिथे होते त्या जागी असेल आणि फिरवलेल्या बेझलवर अकरा आणि बाराच्या बरोबर मध्ये, म्हणजे साडेअकरावर. तिथून लंडनला गेलात तर फक्त तासकाटा उडवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. बेझल भारताची वेळ दाखवतच राहतं. भारतात परतल्यावर मात्र मिनिटं पुन्हा हलवावीच लागतात.

म्हणून माझं मत असं: दुबईत किंवा लंडनमध्ये राहून सांगलीला आईवडिलांना रोज फोन करणाऱ्याने ४८ टप्प्यांचं जीएमटी जरूर घ्यावं. मुक्काम पुण्यात आणि महिन्याकाठी चार दिवस बाहेर, अशांना त्याचा उपयोग कमी आणि जाडी जास्त. ब्लॅक बे ५८ जीएमटी १२.८ मिलिमीटर आहे, ते चालून जातं. पण त्याच घरातलं ब्लॅक बे प्रो १४.६ मिलिमीटर आहे. फॉर्मल शर्टच्या बाहीत ते अडतंच, दुकानात बाही खाली करून बघा.

तुम्हाला उडी मारणारा तासकाटा हवाच असेल तर तो यादीतल्या ४१ मिलिमीटरच्या ॲक्वा टेरात आहेच. तिच्या ८९०० मशीनमध्ये तासकाटा स्वतंत्र फिरतो आणि तारीख दोन्ही दिशांना त्याच्याबरोबर बदलते. त्याची दुसरी बाजूही सांगतो. तारीख झटपट बदलण्याची वेगळी सोय त्यात नाही. घड्याळ आठवडाभर बंद पडलं तर तारखेसाठी तासकाटा गोल-गोल फिरवत बसावं लागतं. ३८ मिलिमीटरच्या ॲक्वा टेरात ८८०० मशीन आहे. तिथे उलट, तारीख झटपट बदलते, तासकाटा स्वतंत्र नाही. दोन्हींची नावं सारखी, त्यामुळे खरेदी करताना हा फरक हमखास निसटतो.

आता पाणी. '१०० मीटर म्हणजे फक्त हात धुणं' हे सगळीकडे छापलेलं असतं आणि त्याला आधार असा दिला जातो की हात हलला की दाब वाढतो. वाढतो, पण किती? पाण्यात हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला तरी जादा दाब सुमारे ०.१२५ बार, म्हणजे सव्वा मीटर खोलीएवढा. सेकंदाला १० मीटर, जे पाण्यात कोणाला जमायचं नाही, तिथेही तो ०.५ बारच. १०० मीटरच्या घड्याळाची चाचणी १० बारला होते. डायव्हिंग करणाऱ्यांच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ मानकसुद्धा १०० मीटरपासूनच सुरू होतं. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करा, तलावात रोज पोहा, काही बिघडत नाही.

घड्याळात पाणी शिरतं ते दुसऱ्याच कारणांनी. सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेळ बदलल्यावर क्राऊन परत न आवळणं, आणि हे प्रवासातच होतं. क्राऊन आत दाबून आधी थोडा उलटा फिरवा. आटे जागेवर बसले की बोटाला हलकी 'टक्' जाणवते, मग सुलटा आवळा. अर्ध्या फेऱ्यातच घट्ट लागला तर आटे तिरपे बसलेत. जोर करू नका, सोडून पुन्हा बसवा. दुसरं कारण गरम पाणी आणि साबण. पाणी अडवणारं रबरी गॅस्केट त्याने लवकर म्हातारं होतं, तेव्हा गीझरच्या आंघोळीला आणि स्टीम रूमला घड्याळ बाहेर ठेवा. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, क्राऊन बंद असल्याची खात्री करूनच.

आत दमट हवा शिरल्याचा संशय आला तर घरी एक चाचणी होते. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करा, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. त्या जागी काचेच्या आतून धुकं दिसलं तर त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. पावसाळ्यात 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणालात तर काट्यांवर डाग पडायला सुरुवात होते.

अचूकतेचे आकडे तुमच्याच बाजूने आहेत. रोलेक्सचं आश्वासन दिवसाला उणे-अधिक २ सेकंद, ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर प्रमाणित घड्याळांचं ० ते अधिक ५. ग्रँड सेइकोची ९एफ क्वार्ट्झ मशीन वर्षाला उणे-अधिक १० सेकंद देते, आणि त्यातल्या ९एफ८६ मध्ये स्वतंत्र तासकाटा आणि चोवीस तासांचा काटाही आहे. अचूकता हाच तुमचा पहिला निकष असेल तर ते घ्या, मी बिनधास्त सांगेन. यांत्रिक घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं तर ते खराब झालं असं लगेच समजू नका. फोनच्या कव्हरमधल्या चुंबकामुळे हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची गती ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. होकायंत्राजवळ धरून बघा. सुई हलली तर चुंबकत्व काढून घ्या, काही क्षणांचं काम आहे. ॲक्वा टेरा १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकाला दाद देत नाही आणि रेंजरची हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे, तिला चुंबक लागत नाही.

तुम्ही क्लॅस्पबद्दल, म्हणजे पट्ट्याच्या बकलबद्दल, काहीच विचारलं नाहीत, पण प्रवासात जीएमटी काट्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. लांबच्या विमानप्रवासात आणि उकाड्यात मनगट सुजतं, एसीत आलं की उतरतं. रेंजरच्या टी-फिट क्लॅस्पमध्ये विनाअवजार ८ मिलिमीटरपर्यंत पाच टप्प्यांत पट्टा सैल-घट्ट होतो, एक्सप्लोररच्या ईझीलिंकमध्ये ५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना उघडणारा बटरफ्लाय क्लॅस्प दिसायला देखणा, पण ही सोय त्यात सहसा नसते. ॲक्वा टेरा घेताना हे आवर्जून विचारा. एक्सप्लोरर ३६ चा पट्टा १९ मिलिमीटर रुंदीचा आहे, त्या मापाचे रबरी पट्टे शोधावे लागतात. रेंजरचा २० चा आहे, कुठेही मिळतो. कोकणातल्या दमट हवेसाठी चामड्याचा पट्टा नकोच.

आणि पुण्याहून निघताना एक काम करा. विमानतळावर कस्टम्सच्या काउंटरला घड्याळ आणि बिल दाखवून सिरीयल नंबरसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. दुबईहून परतताना हातातलं घड्याळ तिथेच विकत घेतलं का, हा प्रश्न आला तर तोच कागद दाखवायचा असतो.