फक्त हात होता

मी मिरजेत लग्नाचे फोटो काढतो. चातुर्मासात मुहूर्त नसतात, स्टुडिओचं भाडं मात्र असतंच. म्हणून चार वर्षांपूर्वी दवाखान्यांची पेजं सांभाळायला घेतली. महिन्याला बारा पोस्ट, चार रील, डॉक्टर्स डेला एक शुभेच्छा. मिरजेत या कामाला तोटा नाही. इथं गल्लीत उभं राहून 'डॉक्टर!' अशी हाक मारली तर चार खिडक्या उघडतात.

आता जे लिहितोय ते माझ्याच पोटावर येणारं आहे, पण बरेच दिवस घशाशी अडकलंय.

दोन वर्षांपूर्वी एका त्वचारोगतज्ज्ञांकडं शूट होतं. पेशंटमध्ये अथणीकडच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. मनगटावर कोडाचा पांढरा डाग होता, उपचारानं त्यात रंग बऱ्यापैकी परत भरत आलेला. आधीचा फोटो डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये होताच. कल्पना माझी. 'सर, आधी-नंतरचा टाकू. चेहरा नको, फक्त हात घेऊ.' डॉक्टरांनी विचारलं, बाई म्हणाल्या, 'तुम्ही म्हणाल तसं साहेब.' हिरव्या बांगड्या जरा वर सारल्या, खिडकीचा उजेड घेतला. मनगटाच्या वर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि त्याखाली दोन कन्नड अक्षरं. फ्रेममध्ये ते छान दिसत होतं, म्हणून मी क्रॉप केलं नाही.

आठ दिवसांनी त्यांचा मुलगा आला. दवाखान्यात नाही, माझ्या स्टुडिओत, कारण फोटोच्या कोपऱ्यात माझा वॉटरमार्क होता. आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, 'आईनं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालते. आमच्या बहिणीचं ठरायचंय.' पोस्ट मी त्याच्यासमोर काढली, पण तोवर ती त्यांच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून आली होती. कोड स्पर्शानं पसरत नाही हे त्या पोस्टखाली मीच लिहिलं होतं. सोयरीक जुळवताना ते कोण वाचतं?

तेव्हापासून 'पेशंटची परवानगी घेतलीय' असं कुणी म्हटलं की मला त्या बाईंचा 'तुम्ही म्हणाल तसं' आठवतो. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत माणूस आडवा, तोंडात थुंकी ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा, आणि वरून प्रश्न येतो, 'एक फोटो घेऊ ना?' नाही कोण म्हणेल? पुढच्या आठवड्यात रूट कॅनलला याच खुर्चीत यायचंय. आमच्याकडं तर अर्धी ओपीडी कर्नाटकातली. पेशंट कन्नड बोलणारा, फॉर्म इंग्रजीत, सही कुठं करायची ते रिसेप्शनवरची मुलगी मराठीत सांगते. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की झालं, असंही पुष्कळांना वाटतं. जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती ही पट्टी पुरेशी नाही असं सांगते. माझ्या फोटोत तर चेहराच नव्हता. गावाकडं माणूस बांगडीवरून ओळखतात, चालीवरून ओळखतात.

आता आधी-नंतरच्या फोटोंचं. यात मी मुरलेला आहे, त्यामुळं माझ्यावर विश्वास ठेवा. 'आधी'चा फोटो डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली, मोबाइल नाकाजवळ नेऊन काढायचा. वरून आलेल्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची सावली पडते आणि इतक्या जवळून नाक मोठं दिसतं. 'नंतर'चा सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे पांढऱ्या कापडातून गाळलेल्या मऊ उजेडात, लांबून, ८५ मिमीच्या लेन्सनं, केस विंचरून, जरा हसायला सांगून. केस लावण्याच्या जाहिरातींत तर आधी डोकं ओलं करतात, नंतर वाळवून फुगवतात. मी एकदा माझ्या असिस्टंटचे पाच मिनिटांच्या अंतरानं असे दोन फोटो काढून एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी विचारलं, 'किती सिटिंग झाल्या?' एमडी झालेला माणूस! मी खरं सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, 'आमच्यासाठी पण असंच कर.'

नियम नाहीत असं नाही. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत. पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करणं त्यात गैर मानलंय. लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर स्वतःचा फोटो छापणंसुद्धा स्वतःची जाहिरात धरलंय. (आता चौकात जाऊन फ्लेक्स बघा. नगरसेवक कुठला आणि सर्जन कुठला, हाताच्या घडीवरून ओळखावं लागतं.) ओळख पटेल असा पेशंटचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, हेही आहे. पण २००२ साली फेसबुकच नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नवे नियम आणले, त्यात सोशल मीडियावर वेगळं प्रकरण होतं. बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो टाकू नका, ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका. पण त्याच नियमांतल्या, कंपनीच्या ब्रँडऐवजी जेनेरिक नावानं औषध लिहायच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात ते सगळेच नियम स्थगित झाले. पुन्हा २००२.

डॉक्टरांची बाजूही मी रोज ऐकतो आणि ती खोटी नाही. मशीनचं कर्ज असतं. राज्याच्या मेडिकल कौन्सिलचा बडगा डॉक्टरवर चालतो, मोठ्या कंपनीच्या हॉस्पिटलवर चालत नाही, त्यामुळं त्यांची होर्डिंग हायवेभर. तीन महिन्यांचा कोर्स केलेली पार्लरवाली 'स्किन एक्स्पर्ट' म्हणून रील टाकते आणि तिच्याकडं रांग लागते, एमडी झालेला माणूस माशा मारत बसतो. 'आम्ही गप्प बसायचं का?' असं एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं. नका बसू गप्प. पण बोलायचं स्वतःबद्दल, दुसऱ्याच्या कातडीबद्दल नाही.

आणि गंमत अशी की काय बोलायचं याची यादी त्याच जुन्या नियमांत आहे. दवाखाना सुरू केला, जागा बदलली, काही दिवस नसणार, परत आलो, अमुक डॉक्टरांची प्रॅक्टिस आता मी बघतो, आणि माझी फी इतकी, अशा गोष्टी वर्तमानपत्रात जाहीर करायला मुभा आहे. पेशंटला नेमकं हेच हवं असतं. मिरज स्टेशनवर जमखंडीहून आजीला घेऊन उतरलेल्या माणसाला डॉक्टरांचं हसू नको असतं. जिना किती पायऱ्यांचा आहे, व्हीलचेअर आत जाते का, दुपारी कोण असतं, कन्नड कुणाला येतं, हे हवं असतं. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आहे. तिथं माणसं रील बघून आली नाहीत. जाऊन आलेल्यानं दुसऱ्याला सांगितलं, 'अमक्या गाडीनं जा, तमक्याला भेट.' फोटोनं हेच सांगावं.

म्हणून आता मी पेशंट फ्रेममध्ये घेत नाही. हात नाही, पाय नाही, पाठमोरासुद्धा नाही. एक्स-रे घेत नाही, कारण कोपऱ्यात नाव आणि वय छापलेलं असतं. शूटच्या आधी काउंटरवरचं रजिस्टर बंद करतो आणि मागचा कॉम्प्युटर विझवतो. फोटो मोठा केला की त्यातली नावं सरळ वाचता येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. या अटी सांगितल्यावर तीन दवाखाने सोडून गेले. त्यातल्या एकाचं पेज आता माझाच जुना असिस्टंट सांभाळतो. सॉफ्टबॉक्स चांगला लावतो तो.

जे राहिले त्यांच्यात एक हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या रॅम्पचा फोटो टाकला होता. रिकामा रॅम्प, कडेला लोखंडी कठडा, बाकी काही नाही. त्या महिन्यात सगळ्यांत जास्त फोन त्या फोटोवरून आले. 'वर चढवायला माणूस मिळतो का?' हाच प्रश्न सगळ्यांचा.

मागच्या रविवारी त्यांच्याकडंच होतो. जिना, रॅम्प, वेळांची पाटी, ड्रेसिंगची खोली, सगळं काढलं. शेवटी फीची पाटी काढायला लागलो तर डॉक्टर जरा थबकले. 'ही नको रे, लोक उगाच चर्चा करतात.' मी म्हटलं, सर, नियमात बसतं. ते म्हणाले, 'बघू, विचार करून सांगतो.'

फोटो काढून ठेवलाय. त्यांची परवानगी अजून आलेली नाही, म्हणून टाकलेला नाही.