घंटागाडीच्या निविदेवरून लिहिलेली रुग्णवाहिका

एक कबुली द्यायची आहे. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेत मी लेखा विभागात २८ वर्षं काढली. कुठली ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथं रुग्णवाहिका चालवायला ठेकेदार नेमायचं ठरलं तेव्हा निविदेच्या अटी-शर्ती लिहायचं काम माझ्या टेबलावर आलं. साहेब म्हणाले, परवापर्यंत पाहिजे. मी काय केलं? आदल्या वर्षीची घंटागाडीची निविदा उघडली, 'घंटागाडी'च्या जागी 'रुग्णवाहिका' टाकलं, 'कचरा' दिसेल तिथं 'रुग्ण' केलं आणि साडेआठला घरी जाऊन जेवलो.

निविदापूर्व बैठकीत एका ठेकेदाराने विचारलं, "साहेब, अट क्रमांक १७ प्रमाणे गाडीवर स्पीकर लावून जनजागृतीची गाणी वाजवायची आहेत काय?" सगळे हसले. मीही हसलो. शुद्धिपत्रक काढतो म्हणालो. ते राहून गेलं.

गाण्याचं सोडा, ती चूक निदान दिसणारी होती. न दिसणारी फार मोठी होती. घंटागाडी आज आली नाही तर उद्या येते, दोन दिवसांचा कचरा एकदम नेते. तिच्या निविदेत गाडी किती, फेऱ्या किती, किलोमीटर किती एवढं लिहिलं की काम भागतं. तेच आम्ही रुग्णवाहिकेला लावलं. महिन्याला ठरावीक किलोमीटरचं ठरावीक भाडं, त्यावर गाडी धावली तर प्रत्येक किलोमीटरचा वेगळा दर. 'सेवा २४ तास उपलब्ध राहील' असंही एक वाक्य होतं. ती २४ तास उपलब्ध राहायला चालक किती लागतील, हे कुठंच नव्हतं.

साधा हिशेब आहे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने ४८ तास काम केलं तर साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण धरून चार. आम्ही तांत्रिक लिफाफा उघडला, आर्थिक लिफाफा उघडला, सगळ्यांत कमी दर ज्याचा, त्याला कार्यादेश दिला. त्याचा दर कमी का, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. त्याने दोनच चालक ठेवले होते. एक झोपला की गाडी झोपायची. बाकीच्यांनी चार चालकांचा पगार धरून दर भरले असतील तर ते तिथंच बाद झाले. म्हणजे नीट काम करू पाहणाऱ्याला आमच्याच निविदेने घरी बसवलं.

आता ती रात्र. गणपती होऊन आठवडा झाला असेल. पहाटे तीनला वयनीचा फोन. "भावजीनू, ह्येंच्या छातीत कळ येता. घाम सुटलो हा. तुमची ती गाडी धाडा." तुमची! मी चालकाला फोन लावला. "मी बांबोळीक आसंय. अपघाताचो पेशंट हाडलंय. हयसून सुटाक सकाळ होतली."

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचा ही आपल्याकडची जुनी रीत. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं तरी ती पूर्ण मोडलेली नाही. मालवण-देवगडकडून जायला दोन-तीन तास, तिथं रुग्ण ताब्यात घेईपर्यंत स्ट्रेचर अडकलेलं, मग परत येणं. एक गाडी एकदा बांबोळीला गेली की गावाला सहा-सात तास गाडीच नाही. निविदेत 'गाडी बाहेरगावी असताना पर्यायी व्यवस्था' असा शब्दही नव्हता. घंटागाडी बाहेरगावी कशाला जाईल?

दादाला शेजारच्या पिकअपमधून नेलं, मासळीचे ट्रे बाजूला सारून. वाचला. आजही सांगतो, "माका बांगड्याच्या बर्फार झोपवन नेल्यानी, म्हणान टिकलंय." लोक हसतात. वयनी हसत नाही.

पण मला ही पोस्ट लिहायला लावणारी गोष्ट त्या रात्रीची नाही, पुढच्या महिन्याची आहे. ठेकेदाराचं देयक टेबलावर आलं. सोबत लॉगबुकची प्रत आणि एक तक्ता. पोचायला लागलेला सरासरी वेळ एकदम व्यवस्थित. दादाचा फोन कुठं आहे म्हणून मी त्या तारखेची पानं उलटली. नव्हताच. असणार कसा? लॉगबुक गाडीचं असतं. गाडी निघाली की ओळ पडते. गाडी गेलीच नाही, त्या फोनला ओळच नाही. जितके फोन गाडीविना गेले तितका तो तक्ता अधिक सुंदर. दंड शून्य. मी त्या देयकावर सही केली, कारण कागद बरोबर होते.

किलोमीटरच्या दराने आणखी एक गंमत होते. गावातल्या गावात तीन किलोमीटरच्या फेरीत ठेकेदाराला काही सुटत नाही, बांबोळी-कोल्हापूरच्या फेरीत सुटतं. तो मुद्दाम काही करतो असं नाही म्हणत मी. पण पैसा लांबच्या फेरीला देऊन गाडी जवळ उभी राहावी अशी अपेक्षा ठेवायची, हा आमचा भाबडेपणा. उभं राहण्याचे पैसे द्यावे लागतात. आगीचा बंब दिवसभर उभा असतो म्हणून कोणी नगराध्यक्षाला जाब विचारत नाही ना?

इथं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच: काका, १०८ आहे की. आहे. २०१४ साली ती ९३७ गाड्यांनिशी राज्यभर सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत सुविधांच्या, ७०४ प्राथमिक, आणि गाडीत डॉक्टर. त्याने कितीतरी जीव वाचले. २०२४ मध्ये राज्याने पुढच्या १० वर्षांसाठी १,७५६ वाहनांचा नवा ठेका दिला, त्यात मोटारसायकली आणि बोटीही धरल्या आहेत. गरोदर बायका आणि आजारी तान्ह्या मुलांसाठी १०२ वेगळी. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ढोबळ निकष बघा: १ लाख लोकसंख्येला एक प्राथमिक रुग्णवाहिका, ५ लाखांना एक प्रगत. आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांचा, तोही २००१ पेक्षा कमी झालेला. म्हणजे निकषाने आठ-नऊ प्राथमिक गाड्या, प्रगत एक-दोन. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. एका प्राथमिक गाडीच्या वाट्याला पावणेसहाशेच्या पुढे चौरस किलोमीटर येतात, त्यात खाड्या, घाट्या आणि पाणंदी. पोरं मुंबईला गेली म्हणून डोकी कमी आणि डोकी कमी म्हणून गाड्या कमी. मागं राहिलेली डोकी मात्र सत्तरीची.

शिवाय १०८ चा फोन पुण्यात वाजतो. वायंगणी मालवण तालुक्यात आहे आणि वेंगुर्ल्यातही आहे. पलीकडच्या माणसाला हे कळायला, मग वाडी, मग 'सातेरीच्या देवळाकडून खाली' समजायला जी मिनिटं जातात ती कुठल्याही टेंडरच्या कागदावर येत नाहीत. म्हणून गावाची स्वतःची गाडी लागतेच.

निवृत्तीनंतर वेळच वेळ. अमेरिकेतल्या काउंट्या, म्हणजे तिकडची जिल्हा परिषदच समजा, रुग्णवाहिकेचे करार कसे करतात ते वाचत बसलो. बऱ्याच ठिकाणी सरासरी हा शब्दच चालत नाही. शहरी भागात १०० पैकी ९० फोनना ८ मिनिटं ५९ सेकंदांच्या आत पोचायचं, अशा थाटाची अट असते. ग्रामीण भागाला वेगळी, दुर्गम भागाला आणखी सैल, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा. बाजारपेठेत पाच मिनिटांत पोचलेली गाडी डोंगरवाडीतला सव्वा तास झाकू शकत नाही. सगळंच तिकडचं चांगलं नाही. तिथं अॅम्ब्युलन्सचं बिल बघून धडधाकट माणसाच्या छातीत कळ यावी. मिनिटांमागे धावून रुग्ण बरा होतोच असंही नाही, गाडीत कोण बसलंय त्यावर बरंच असतं. पण शंभरातल्या मागे राहिलेल्या दहांना कागदावर जागा आहे, ही गोष्ट मला लागली.

मी आज ती निविदा लिहिली असती तर वेळ फोन वाजल्यापासून मोजली असती आणि फोनची नोंद ठेकेदाराकडे न ठेवता अग्निशमनच्या कंट्रोलरूमला ठेवली असती. गाडी गेली नाही तरी ओळ पडली पाहिजे. चार चालकांची नावं, लायसन आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा देयकासोबत मागितला असता. गाडी जिल्ह्याबाहेर गेली की शेजारच्या नगरपंचायतीची गाडी अर्ध्या वाटेवर येऊन थांबेल, असा दोघींचा करार केला असता. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण आपल्याकडे दोन नगराध्यक्ष एका मांडवात बसायला तयार नसतात.

आणि कृपा करून आता नवीन गाडीचं लोकार्पण नको. निधीतून गाडी येते, बोनेटवर नारळ फुटतो, दरवाजावर नाव मोठ्या अक्षरांत येतं. डिझेल कोणाचं, विमा कोणाचा, चालक कोणाचा, हे त्या दिवशी विचारणारा अपशकुनी ठरतो. बरं, आत स्ट्रेचर बसवलं म्हणून ती रुग्णवाहिका होत नाही. रुग्णवाहिका कशी असावी हे ठरवणाऱ्या एआयएस-१२५ या मानकात ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. आपल्याकडे दान आलेल्या बहुतेक गाड्या मला फार तर 'बी' वाटतात, म्हणजे आडवं झोपवून नेण्याची सोय. दोन पावसाळे खारी हवा खाल्ली की पत्रा सडतो. तीन गाड्या मी आवारात करंज उगवेपर्यंत उभ्या पाहिल्या आहेत.

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या ऑफिसची रुग्णवाहिकेची नवी ई-निविदा निघाली. डाउनलोड करून वाचली. पर्यायी व्यवस्था नाही, चालकांची संख्या नाही, सरासरी आहे. अट क्रमांक १७ सुद्धा तशीच आहे, स्पीकर आणि जनजागृतीच्या गाण्यांसकट. हरकतीचा अर्ज लिहून सोमवारी आवक-जावकला देऊन आलो. टेबलावरच्या पोराने शिक्का मारताना विचारलं, "काका, हे मूळ कोणी लिहिलंय ओ?"